हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी लक्ष्यवेधी नॅनोकण: घडण, तपासणी आणि प्रतिमांमधली फसगत

हाडाला चिकटणारा, औषध वाहून नेणारा नॅनोकण बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. कणाच्या पृष्ठभागावर ॲलेंड्रोनेटसारखं बिसफॉस्फोनेट (हाडाची झीज रोखणारं औषध) बसवलं की तो हाडातल्या खनिजाला जाऊन धरतो, आणि पहिल्याच प्रयोगात आलेख छान दिसतो. अवघड काम त्यानंतर सुरू होतं. हाडात दिसणारा संकेत अखंड कणाचाच आहे ना? तो गाठीजवळ आहे की वाढत्या हाडाच्या टोकाशी? गाठ कमी झाली ती आतल्या औषधामुळे की बिसफॉस्फोनेटमुळेच? ही उत्तरं शेवटी शोधायला गेलं तर मिळत नाहीत. ती कण बनवतानाच, तुलनेच्या गटांसह, आखून ठेवावी लागतात.

खालची कृती संशोधन प्रयोगशाळेसाठी आहे. कण पीएलजीए-पीईजी या पॉलिमरचा, औषध डोसिटॅक्सेल हे कर्करोगविरोधी, लायगँड (कणाला नेमावर नेणारा रेणू) ॲलेंड्रोनेट. रुग्णाला देण्याची ही पद्धत नव्हे.

नेम कशावर धरायचा

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग हाडात पसरण्याची प्रवृत्ती असते. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ‘बी आणि माती’ची कल्पना (गाठीची पेशी हे बी, ते मानवणाऱ्या अवयवाच्या मातीतच रुजतं) मांडली ती स्तनाच्या कर्करोगावरून, आणि हाडाच्या बाबतीत ती आजही चपखल बसते. गाठीच्या पेशी पीटीएचआरपी हे प्रथिन सोडतात. त्याने ऑस्टिओब्लास्ट (हाड बनवणाऱ्या पेशी) आरएएनकेएल हा संदेशरेणू जास्त बनवतात, त्याने ऑस्टिओक्लास्ट (हाड कुरतडणाऱ्या पेशी) जागे होतात आणि हाड कुरतडलं जातं. हाडात साठलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक आणि कॅल्शियम मोकळं होतं, ते गाठीला पोसतं आणि चक्र पुन्हा फिरतं. या कुरतडलेल्या जागी खनिज उघडं पडतं. बिसफॉस्फोनेटचा नेम त्याच उघड्या खनिजावर असतो.

म्हणजे आपण गाठीवर नव्हे, गाठीच्या शेजारच्या हाडावर नेम धरतो आहोत. टेक्निशियम-९९एम एमडीपीचा (किरणोत्सारी बिसफॉस्फोनेटचा) बोन स्कॅन याच तत्त्वावर चालतो आणि त्याच्या मर्यादाही याच कणाला वारशाने मिळतात. जिथे हाडाची उलाढाल आहे तिथे संकेत दिसतो: बरं होणारं फ्रॅक्चर, सांध्याची झीज, वाढत्या वयातली ग्रोथ प्लेट (हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती). उलट मायलोमासारख्या (मज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आजारात, जिथे हाड फक्त विरघळतं आणि नवीन फारसं बनत नाही, तिथे बोन स्कॅन गाठ चुकवू शकतो.

लायगँड निवडताना आधी आजार पाहा. बिसफॉस्फोनेट खनिजाला घट्ट धरतं पण हाडाच्या सर्व उघड्या पृष्ठभागांवर बसतं, आणि स्वतःच ऑस्टिओक्लास्टवर परिणाम करतं. आठ ॲस्पार्टिक ॲसिडांची साखळी जास्त स्फटिकी, म्हणजे कुरतडल्या जाणाऱ्या पृष्ठभागाला पसंती देते. ॲस्पार्टेट-सेरीन-सेरीन हा तुकडा सहा वेळा जोडलेली साखळी नव्याने बनणाऱ्या, कमी स्फटिकी पृष्ठभागाला. हाड विरघळवणाऱ्या गाठींसाठी पहिली आणि हाड बनवणाऱ्या प्रोस्टेटच्या गाठींसाठी दुसरी, हा तर्क सरळ आहे. इथे ॲलेंड्रोनेट घेतलं आहे कारण ते सहज मिळतं, त्याला जोडणीसाठी प्राथमिक अमाइन (नायट्रोजनचा अभिक्रियाशील गट) आहे आणि त्याचे दोष सगळ्यांत चांगले ठाऊक आहेत.

कण बनवणं

एका तुकडीसाठी:

– पीएलजीए-पीईजी-मिथॉक्सी (पीएलजीए ५०:५०, सुमारे ४० किलोडाल्टन, पीईजी ५ किलोडाल्टन): ३७.५ मिग्रॅ
– पीएलजीए-पीईजी-कार्बॉक्सिल, तेवढ्याच रेणुभाराचा: १० मिग्रॅ
– निअर-इन्फ्रारेड रंग (साय-७ किंवा तत्सम) सहसंयुज बंधाने जोडलेला पीएलजीए: २.५ मिग्रॅ
– डोसिटॅक्सेल: ५ मिग्रॅ
– ॲसिटोन ५ मिली, अतिशुद्ध पाणी २५ मिली

कार्बॉक्सिल टोकाची पीईजी बाकीच्या पीईजीपेक्षा आखूड घेऊ नका. लायगँड आजूबाजूच्या साखळ्यांच्या झाडीत दबून जातो आणि कण साधा असल्यासारखाच वागतो. रंग जोडलेला पीएलजीए घेतला असेल तर त्याचं टोक बंद केलेलं आहे ना, ते पुरवठादाराच्या कागदावर पाहून घ्या. मोकळं कार्बॉक्सिल असेल तर पुढचा हिशेब चुकतो.

सगळे घन पदार्थ ॲसिटोनमध्ये विरघळवा. भांडी काचेची घ्या. पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि त्याचेही कण बनतात, जे मोजणीत आपलेच वाटतात. पाणी चुंबकी ढवळणीवर ६०० आरपीएमला ठेवा आणि सिरिंज पंपाने पॉलिमरचं द्रावण मिनिटाला १ मिली या वेगाने, सुईचं टोक पाण्यात बुडवून सोडा. द्रव निळसर दुधी झाला पाहिजे. पांढरे तंतू किंवा गाठी दिसल्या तर पॉलिमरची तीव्रता जास्त आहे किंवा ढवळणं मंद आहे. ही तुकडी गाळून वाचवायला जाऊ नका: गाळणीत किती पॉलिमर आणि किती औषध गेलं ते कळत नाही आणि पुढचे सगळे आकडे अंदाजाने ठरतात.

फ्यूम हूडमध्ये ३ ते ४ तास उघडं ढवळत ठेवा, म्हणजे ॲसिटोन उडून जाईल. प्रकाशापासून झाकून ठेवा. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमध्ये १५०० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) वर तीनदा धुवा. प्रत्येक वेळी फिल्टरमध्ये थोडा द्रव उरू द्या. कोरडा होईपर्यंत फिरवलं तर कण पटलावर दाबले जातात आणि नंतर सुटे होत नाहीत.

आकार ८० ते १२० नॅनोमीटर, पॉलिडिस्पर्सिटी (आकारातली विषमता) ०.२ च्या खाली, असं लक्ष्य ठेवा. मोठे कण प्लीहा गाळून घेते. ५.५ नॅनोमीटरच्या खालच्या गोष्टी मूत्रपिंडातून निघून जातात, पण पॉलिमरच्या कणांना ती चिंता नाही. आकार मोठा येत असेल तर पॉलिमरची तीव्रता १० वरून ५ मिग्रॅ प्रति मिलीवर आणा. ढवळण्याचा वेग वाढवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

ॲलेंड्रोनेट जोडणं

इथे सगळ्यांत जास्त तुकड्या वाया जातात.

ॲलेंड्रोनेट सेंद्रिय द्रावकांत विरघळत नाही आणि पॉलिमर पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी कण बनवायचे आणि मग पाण्यातच त्यांच्या पृष्ठभागावर जोडणी करायची. ईडीसी आणि एनएचएस कार्बॉक्सिल गटाला सक्रिय करतात, मग ॲलेंड्रोनेटचं अमाइन त्याला जोडलं जातं. आधी हिशेब: १० मिग्रॅ कार्बॉक्सिल पॉलिमर, रेणुभार ४५,०००, म्हणजे ०.२२ मायक्रोमोल कार्बॉक्सिल गट. प्रत्येक अभिकर्मक ५० पट घेतला तर ११ मायक्रोमोल लागेल: ईडीसी हायड्रोक्लोराइड २.१ मिग्रॅ, एनएचएस १.३ मिग्रॅ, ॲलेंड्रोनेट सोडियम ट्रायहायड्रेट ३.६ मिग्रॅ. इतकं कमी वजन तराजूवर नीट येत नाही, म्हणून दहापट द्रावण बनवून त्यातलं मोजून घ्या. ईडीसीचं द्रावण मात्र वापरायच्या क्षणीच बनवा, ते पाण्यात टिकत नाही.

कण एमईएस बफरमध्ये (५० मिलिमोलर, पीएच ५.५ ते ६) घ्या, एनएचएस आणि ईडीसी टाका, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं ढवळा. मग थंड एमईएसने सेंट्रिफ्यूज फिल्टरमध्ये एकदा किंवा दोनदा पटकन धुवा. हे धुणं टाळण्याचा मोह होतो, टाळू नका. उरलेलं ईडीसी ॲलेंड्रोनेटच्या फॉस्फोनेट गटांशीही अभिक्रिया करू शकतं, आणि मग जो गट खनिजाला धरणार तोच अडकून पडतो. धुताना वेळही दवडू नका: सक्रिय झालेला एस्टर पीएच ८ ला खोलीच्या तापमानाला तासाभरात निम्मा होतो. आम्लात आणि थंडीत तो जास्त टिकतो, म्हणूनच धुण्याचा बफर आम्लधर्मी आणि गार.

ॲलेंड्रोनेट ५० मिलिमोलर एचईपीईएस बफरमध्ये विरघळवा आणि विरघळल्यावर पीएच पुन्हा मोजा. हे क्षार आम्लधर्मी आहे, पीएच खाली ओढतं. सोडियम हायड्रॉक्साइडने तो ८.० वर आणा. पीएच ७ च्या खाली राहिला तर अमाइन जवळजवळ पूर्णपणे प्रोटॉनयुक्त असतं आणि जोडणी होतच नाही. कण मात्र सुंदर दिसतात, म्हणून चूक महिनाभर कळत नाही. या टप्प्यावर ट्रिस बफर नको, कारण त्याचं स्वतःचं अमाइन स्पर्धा करतं. फॉस्फेट बफरही नको, कारण पुढे आपण फॉस्फरसच मोजणार आहोत. द्रावण कणांमध्ये मिसळून ४ तास सावकाश ढवळा आणि चार वेळा धुवा.

किती बसलं हे मोजताना एक सापळा आहे. ऑर्थो-थॅलाल्डिहाइडची फ्लुरोसन्स चाचणी प्राथमिक अमाइन शोधते. जोडलेल्या ॲलेंड्रोनेटचं अमाइन अमाइडमध्ये गेलेलं असतं, त्यामुळे ही चाचणी फक्त सुटं ॲलेंड्रोनेट दाखवते. तिचा उपयोग धुतलेल्या पाण्यावर करा: चौथ्या धुण्यात संकेत शून्याला टेकला पाहिजे. जोडलेलं मोजायला आयसीपी (मूलद्रव्यं मोजण्याच्या) पद्धतीने फॉस्फरस काढा. एका रेणूत फॉस्फरसचे दोन अणू, म्हणजे शंभर टक्के जोडणी झाली तरी पूर्ण तुकडीत सुमारे १४ मायक्रोग्रॅम फॉस्फरस. आकडा लहान आहे, नमुना सढळ घ्या. मॉलिब्डेटची रंगचाचणी वापरायची तर आधी नमुना पूर्ण जाळून कार्बन-फॉस्फरस बंध तोडावा लागतो. तसाच टाकला तर वाचन शून्य येतं.

प्रत्येक वेळी एक जोड तुकडी चालवा: तेच कण, तेवढंच ॲलेंड्रोनेट, पण ईडीसीशिवाय. तिच्यात धुतल्यावर जो फॉस्फरस उरेल तो नुसता चिकटलेला आहे. तो वजा केल्याशिवाय जोडणीचा आकडा सांगू नये.

कॅल्शियमची परीक्षा

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि आमच्या मते प्राण्यापर्यंत जाण्याआधीची सगळ्यांत मोलाची. बिसफॉस्फोनेट कॅल्शियमला धरतं, आणि रक्तात सुटं कॅल्शियम सुमारे १.२ मिलिमोलर असतं. दोन कणांवरची ॲलेंड्रोनेटं एकाच कॅल्शियमला धरून बसली की कण एकमेकांना चिकटतात. असे गठ्ठे शिरेत गेले तर ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात.

कण एचईपीईएस-सलाइनमध्ये (पीएच ७.४) घ्या, कॅल्शियम क्लोराइड ०, ०.६, १.२ आणि २.५ मिलिमोलर टाका आणि आकार ५ मिनिटांनी, १ तासाने आणि २४ तासांनी मोजा. २.५ ला थोडी वाढ चालेल, १.२ ला आकार दुप्पट होत असेल तर लायगँड जास्त आहे. कार्बॉक्सिल पॉलिमरचं प्रमाण २० टक्क्यांवरून १० किंवा ५ वर आणा. जास्त लायगँड म्हणजे जास्त नेम, हा समज सोडून द्यावा लागतो. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की पृष्ठभाग अधिक ऋणभारी होतो, मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी) तो लवकर उचलतात आणि कण हाडाऐवजी यकृतात जातो.

हीच परीक्षा ५० टक्के सीरममध्येही (रक्तद्रवात) करा. सीरमचे स्वतःचे लहान कण मोजणीत दिसतात, म्हणून नुसत्या सीरमचं वाचन शेजारी ठेवा. झीटा विभव (पृष्ठभागाच्या विद्युतभाराचा आकडा) १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये मोजा. शुद्ध पाण्यातला आकडा फसवा असतो.

औषध किती आणि किती वेळ

औषधाचं मोजमाप जोडणीच्या आधी करून थांबू नका. ईडीसी, ॲलेंड्रोनेट आणि आठ-नऊ धुण्यांच्या काळात औषध गळत राहतं. शेवटच्या कणांतला आकडाच खरा. नमुना गोठवून सुकवा, वजन करा, ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, गाळा आणि सी-१८ स्तंभावर एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) चालवून २३० नॅनोमीटरला मोजा. समजा ४० मिग्रॅ कण हाती आले आणि त्यांत २.४ मिग्रॅ डोसिटॅक्सेल निघालं, तर भार ६ टक्के आणि सामावण्याची कार्यक्षमता ४८ टक्के (२.४ भागिले ५). हे दोन्ही आकडे द्या. नुसती कार्यक्षमता सांगितली तर किती पॉलिमर टोचावा लागेल हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मात्रेचा हिशेब इथूनच निघतो. २० ग्रॅमच्या उंदराला ५ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ०.१ मिग्रॅ डोसिटॅक्सेल. ६ टक्के भाराने १.६७ मिग्रॅ कण. २०० मायक्रोलिटरमध्ये द्यायचे तर ८.३ मिग्रॅ प्रति मिली. या तीव्रतेला कण स्थिर राहतात का ते टोचण्याआधी पाहा. परीक्षा १ मिग्रॅ प्रति मिलीला आणि टोचणं आठपट तीव्रतेला, ही चूक नेहमी होते.

औषध सुटण्याची चाचणी डायलिसिस पिशवीत, ३७ अंशांवर, ०.५ टक्के ट्वीन-८० घातलेल्या बफरमध्ये करा. डोसिटॅक्सेल पाण्यात जेमतेम विरघळतं. ट्वीन नसेल तर बाहेरचा द्रव लवकर संपृक्त होतो आणि औषध हळू सुटतंय असा भास होतो. सुट्या औषधाची पिशवी शेजारी ठेवा, म्हणजे पटल किती अडवतं ते कळेल. पीएच ७.४ बरोबर ४.५ लाही चालवा, कारण ऑस्टिओक्लास्टखालच्या खळग्यात साधारण तेवढी आम्लता असते. पहिल्या काही तासांतच बरंच औषध बाहेर आलं तर तो भाग हाडापर्यंत पोचणार नाही, रक्तातच सुटेल.

साठवणीसाठी १० मिग्रॅ प्रति मिली कणांत ५ ते १० टक्के सुक्रोज घालून गोठवून सुकवा. पाण्यात ४ अंशांवर ठेवलेले कण काही दिवसांतच वापरा. प्राण्यांसाठीची तुकडी ०.२२ मायक्रॉनमधून गाळा आणि एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं विष) तपासा. हाडाच्या प्रयोगात हे जास्त महत्त्वाचं, कारण एंडोटॉक्सिन स्वतःच ऑस्टिओक्लास्टना चेतवतं.

हायड्रॉक्सिॲपेटाइटवर बंधन

हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणजे हाडातलं खनिज. त्याची भुकटी आधी पाण्याने इतकी धुवा की वरचा द्रव स्वच्छ राहील. बारीक धूळ प्रकाश विखुरते आणि वाचन बिघडवते. ट्रिस-सलाइनमध्ये (पीएच ७.४, जोडणी झाल्यावर ट्रिसची अडचण नाही) भुकटी ५ मिग्रॅ प्रति मिली आणि कण ०.५ मिग्रॅ प्रति मिली घेऊन ३७ अंशांवर फिरवत ठेवा. ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी ३०० जी वर ३ मिनिटं फिरवून वरच्या द्रवाचा फ्लुरोसन्स मोजा. फॉस्फेट बफरमध्ये ही चाचणी करू नका; फॉस्फेट खनिजाच्या त्याच जागांसाठी भांडतं.

शेजारी चार नळ्या हव्यात. भुकटीशिवाय कण: हे खाली बसले तर तुम्ही बंधन नव्हे, गठ्ठे मोजताय. लायगँडशिवायचे कण आणि भुकटी. लायगँडचे कण, भुकटी आणि भरपूर सुटं ॲलेंड्रोनेट: इथे बंधन पडलं पाहिजे, नाही पडलं तर चिकटणं लायगँडमुळे नाही. आणि सीरममध्ये तासभर भिजवून घेतलेले कण. शेवटच्या नळीत बंधन उतरतंच, कारण प्रथिनांचं आवरण लायगँड झाकतं. उतरलेला तोच आकडा शरीरात काय होणार त्याच्या जवळ असतो, म्हणून तोच मुख्य मानावा.

प्रतिमेसाठी खूण निवडणं

इतर कुठल्याही अवयवात चालून जाणारी खूण (प्रतिमेत कण दिसावा म्हणून लावलेला किरणोत्सारी अणू किंवा रंग) हाडात दगा देऊ शकते. कारण सुटी झालेली खूणही बऱ्याचदा हाडातच जाते.

झिर्कोनियम-८९ चं उदाहरण घ्या. अर्धायुष्य ७८ तास, दीर्घकाळ रक्तात फिरणाऱ्या कणांसाठी सोयीचं. पण डिफेरॉक्सामाइनमधून, म्हणजे धातूला कणावर धरून ठेवणाऱ्या चिलेटरमधून, सुटलेलं झिर्कोनियम हाडाच्या खनिजात जाऊन बसतं. तिसऱ्या दिवशी सांगाडा उजळला तर तो कणामुळे की सुट्या धातूमुळे, हे पीईटीच्या (किरणोत्सार टिपणाऱ्या स्कॅनच्या) प्रतिमेवरून सांगताच येत नाही. फ्लोरिन-१८ चंही तेच: सुटा फ्लोराइड हाडातच जातो, सोडियम फ्लोराइडचा पीईटी स्कॅन त्यावरच चालतो. हाडाच्या प्रयोगात तांबं-६४ बरं. अर्धायुष्य १२.७ तास, आणि सुटलं तर ते मुख्यतः यकृताकडे जातं, म्हणजे चूक हाडाच्या बाजूने होत नाही.

आणखी एक गुंता ॲलेंड्रोनेटचाच. बिसफॉस्फोनेट स्वतः धातू धरतं. टेक्निशियम, गॅलियम, झिर्कोनियम सगळ्यांना. त्यामुळे खूण चिलेटरवर बसण्याऐवजी लायगँडवर बसू शकते आणि एकाच वेळी नेमही बिघडतो आणि खूणही सैल राहते. म्हणून चिलेटर नसलेले पण ॲलेंड्रोनेट असलेले कण घेऊन तीच खूण लावण्याची प्रक्रिया करून पाहा. त्यांवरही किरणोत्सार राहिला तर खूण चिलेटरवर आधी लावायची, ॲलेंड्रोनेट नंतर जोडायचं, असा क्रम बदलून बघावा लागेल. लागलेली खूण सीरममध्ये ३७ अंशांवर २४ आणि ४८ तास टिकते का ते पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने तपासा, आणि प्राण्यांत सुट्या समस्थानिकाचा एक स्वतंत्र गट ठेवाच.

फ्लुरोसन्समध्ये रंग पॉलिमरला जोडलेला हवा. डीआयआरसारखे मेदात विरघळणारे रंग नुसते आत कोंडले तर रक्तातल्या लिपोप्रोटीनांवर आणि पेशींच्या पटलांवर उडी मारतात, आणि आपण कणाऐवजी रंगाचा पाठलाग करतो. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा असतो. त्यातलं क्लोरोफिल ७०० नॅनोमीटरच्या आसपास पोट उजळवतं. प्रतिमेच्या आठवडाभर आधी अल्फाल्फाविरहित खाद्य सुरू करा, नाहीतर पाठीच्या कण्याचा खालचा भाग वाचता येत नाही. ल्युसिफेरेजच्या (ल्युसिफेरिन मिळताच चमकणाऱ्या) पेशी असतील तर आधी फ्लुरोसन्सची प्रतिमा घ्या, मग ल्युसिफेरिन टोचा.

एमआरआयसाठी आयर्न ऑक्साइड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: हे कण टी-२ प्रतिमेत काळे दिसतात, आणि दाट हाडही काळंच दिसतं. शिवाय मज्जेतले मॅक्रोफेज कुठलाही कण गिळतात, लायगँड असो वा नसो. एकाच प्राण्याची, त्याच काटछेदाची, टोचण्याआधीची आणि नंतरची टी-२ स्टार मोजणी केली तरच काही म्हणता येतं. सीटीमध्ये सोन्याचे कण हाडाच्या उजेडात हरवतात. मायक्रो-सीटी गाठीने खाल्लेलं हाड मोजायला वापरा, कण शोधायला नव्हे.

प्राण्यांतली आखणी

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, वेदनाशामक आणि थांबण्याचे निकष आधी ठरलेले हवेत. पाय टेकवता न येणं आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे घटलेलं वजन हे त्यांत येतंच.

नडगीच्या हाडात पेशी टोचायच्या तर १० मायक्रोलिटरमध्ये सुमारे १ लाख पेशी, २७ ते ३० गेजची सुई. जास्त द्रव दाबला तर पेशी छिद्रातून बाहेर येतात आणि गाठ स्नायूत वाढते. बाहेरून ती हाडातलीच वाटते. सुईने हाडाला झालेली जखमही भरून येताना बिसफॉस्फोनेट ओढते. म्हणून दुसऱ्या पायात नुसतं सलाइन टोचा. निरोगी पायाशी तुलना केली तर जखमेचा संकेत गाठीच्या खात्यावर जमा होतो. उंदीर १० ते १२ आठवड्यांचे घ्या. चार-सहा आठवड्यांच्या पिल्लांत गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट जोमात असते, आणि आपली गाठही नेमकी तिथेच.

उपचाराच्या प्रयोगात हे गट नसतील तर निष्कर्ष काढता येणार नाही: सलाइन, सुटं डोसिटॅक्सेल, लायगँडशिवाय औषधी कण, लायगँडसह रिकामे कण, लायगँडसह औषधी कण, आणि लायगँडशिवायचे औषधी कण अधिक तेवढंच सुटं ॲलेंड्रोनेट. चौथा गट बहुधा वगळला जातो आणि नेमका तोच लागतो. रिकाम्या कणांवरचं ॲलेंड्रोनेट ऑस्टिओक्लास्ट आवरू शकतं, मायक्रो-सीटीत हाड भक्कम दिसू शकतं, आणि गाठ मात्र तेवढीच असू शकते. म्हणून हाड आणि गाठ वेगवेगळं मोजा: हाडासाठी मायक्रो-सीटी आणि रक्तातलं सीटीएक्स-१ (हाड झिजल्याचं मोजमाप), गाठीसाठी बायोल्युमिनेसन्स (ल्युसिफेरिन १५० मिग्रॅ प्रति किलो पोटात, १० ते १५ मिनिटांनी प्रतिमा) आणि ऊतिछेद.

अपेक्षा जमिनीवर ठेवा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं होतं. यकृत आणि प्लीहा सगळ्यांत मोठा वाटा घेणार. त्यांचे आकडे लपवू नका; विषारीपणा तिथेच दिसतो.

हाड कापण्याआधी

१, ४, २४ आणि ७२ तासांनी हृदय, फुप्फुसं, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं, दोन्ही नडग्या, दोन्ही मांड्यांची हाडं आणि कणा काढा. हाडावरचा स्नायू पूर्ण खरवडा. मग मज्जा आणि खनिज वेगळं करा: हाडाचं एक टोक कापा, तळाला छिद्र पाडलेल्या ०.५ मिलीच्या नळीत ते कापलेल्या बाजूने खाली ठेवा, ती १.५ मिलीच्या नळीत बसवून १०,००० जी वर १५ सेकंद फिरवा. मज्जा खाली उतरते, हाड वर राहतं. दोन्ही वेगळं मोजा. लायगँड असलेल्या आणि नसलेल्या कणांत फरक फक्त मज्जेत दिसला तर तो मॅक्रोफेजचा असण्याची शक्यता जास्त. खनिजात दिसला तर नेम लागला असं म्हणायला आधार आहे.

ऊतिछेदासाठी हाड नेहमीप्रमाणे ईडीटीएमध्ये मऊ करायला टाकलं तर सगळी मेहनत त्या बाटलीत जाते. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं आणि त्याला धरून बसलेले कण धुऊन जातात. झायलीन आणि ॲसिटोन पीएलजीए विरघळवतात, म्हणून पॅराफिनचा रस्ताही बंद. हाड न मऊ करता गोठवा, चिकट फिल्म लावून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने ५ ते १० मायक्रॉनचे छेद घ्या आणि फ्लुरोसन्स त्याच दिवशी पाहा. शेजारचा छेद ट्रॅप (ऑस्टिओक्लास्ट दाखवणाऱ्या) रंगासाठी ठेवा, म्हणजे कणांची रेघ ऑस्टिओक्लास्टच्या रांगेला लागून आहे की गाठीपासून दूर, ग्रोथ प्लेटच्या काठाने चालली आहे, ते डोळ्यांनी दिसेल.